पट्टी अडते तेव्हा कॉम्प्युटरमध्ये काय चाललेलं असतं?

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा कॉम्प्युटर नेमका गर्दीच्या वेळी बसतो. शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, समोर उभा, आणि पडद्यावर चक्र फिरतंय. कुणीतरी 'व्हायरस आलाय' म्हणतंच. बहुतेक वेळा तो आलेला नसतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम, चालू कामाची तात्पुरती जागा) आणि डिस्क (कायमची साठवण) हे तिन्ही रकाने एकत्र वाचा, कारण एकटा मेमरीचा आकडा फसवतो. ४ जीबी रॅमवर ७०-८० टक्के भरलेलं दिसणं नेहमीचंच. मेमरी ९० च्या वर आणि त्याच वेळी डिस्क १०० वर अडकली, तर मात्र दुखणं सापडलं.

रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवतं आणि लागेल तसा परत आणतं. बेदाण्याचा नमुना सौद्याच्या टेबलावर असण्याऐवजी दर वेळी कोल्ड स्टोरेजमधून आणावा, तसं. रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट. अशा वेळी सीपीयू १०-१५ टक्क्यांवरच दिसतो, कारण तो नुसता वाट बघत असतो.

आता मेमरीच्या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात खादाड प्रोग्रॅम वर येईल. बहुधा ब्राउझरच असतो. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की कोणता टॅब किती खातोय तेही कळतं. मग 'स्टार्टअप'मध्ये जाऊन चालू होतानाच उठणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. रॅम 'साफ' करणारी फुकटची सॉफ्टवेअर तर नकोतच. ती चालू प्रोग्रॅमचा माल डिस्कवर ढकलतात आणि पुढच्याच क्लिकला तो परत आणावा लागतो.

एवढं करूनही भागलं नाही, तर रॅम ८ जीबी करा आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जुनी पट्टी काढून दुकानात दाखवलेली बरी. (ही पट्टी रॅमची.) विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम घरगुती आवृत्त्यांना वापरताच येत नाही, हे आधी बघा.

सीपीयूबद्दल एक गैरसमज नेहमीचा: 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दिसली की लोक घाबरतात. तो आकडा प्रोसेसर किती मोकळा आहे ते सांगतो. आणखी एक, रोज शटडाउन केलं तरी 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोजचा गाभा ताजा सुरू होत नाही. त्यासाठी रिस्टार्टच करावं लागतं.

यार्डातला खास शत्रू म्हणजे हळदीची धूळ. ती पंख्यात आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत बसते, वरून एप्रिलचं ऊन. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जड काम चालू असताना टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूचा 'स्पीड' हा 'बेस स्पीड'च्या बराच खाली दिसला, तर आधी उष्णतेवर संशय घ्या. प्लग काढा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. मोकळा सोडलेला पंखा भलत्या वेगानं फिरून त्याचं बेअरिंग जातं. यंत्र चार-पाच वर्षांचं असेल तर हीटसिंकखालची थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बहुधा वाळलेली असते. जुनी पुसून वाटाण्याहून लहान नवा ठिपका पुरतो.