'सिन्सिअर' आणि मेणाची गोष्ट

रोमन शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवत. बिनमेणाची ती खरी, म्हणजे लॅटिनमध्ये 'सिने सेरा', आणि त्यावरून इंग्रजी 'सिन्सिअर' आला, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गोष्ट इतकी सुबक आहे की पटतेच. पण लॅटिनमध्ये 'सिन्सेरस' हे विशेषणच होतं, अर्थ शुद्ध, निर्भेळ. त्याचं मूळ बहुधा 'एक' आणि 'वाढणं' या अर्थाच्या धातूंत आहे: एकजिनसी वाढलेलं. इंग्रजीतही हा अर्थ चांगला रुळला होता. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये चक्क 'सिन्सिअर मिल्क' आहे, म्हणजे निर्भेळ दूध! तिथे मेणाचा काय संबंध? व्युत्पत्ती देणारा कुठलाही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा, मूळ शब्द 'सिन्सेरस'च दिसेल.