सांधेदार टाचणी-निम्फ

सांधेदार टाचणी-निम्फ : टाचणी या कीटकाच्या पाण्यातल्या पिल्लाची नक्कल करणारी, दोन तुकड्यांत बांधलेली आणि मध्ये बिजागरीसारखा सांधा ठेवलेली कृत्रिम माशी. पिसे, लोकर, दोरा असे साहित्य गळावर गुंडाळून केलेल्या हलक्या आमिषाने मासेमारी करण्याच्या पद्धतीला फ्लाय फिशिंग म्हणतात. त्यात ही माशी मुख्यतः तळ्यांतल्या ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशासाठी वापरली जाते.

चतुर आणि टाचणी ही एकाच गणातली भावंडे, आणि दोघांचेही बालपण पाण्यात जाते. पण पाण्यातली त्यांची चाल अगदी वेगळी असते. चतुराचे पिल्लू पोटात ओढलेले पाणी मागून जोराने सोडते आणि त्या धक्क्याने पुढे सरकते. टाचणीचे पिल्लू, म्हणजे निम्फ, काडीसारखे लांब पोट डावी-उजवीकडे वळवत पोहते. शेपटाकडचे पानासारखे तीन कल्ले त्याला वल्ह्यासारखे उपयोगी पडतात. थोडे अंतर जोर लावून कापायचे आणि मग थांबायचे, असा त्याचा प्रवास चालतो. पूर्ण वाढलेले निम्फ अडीच ते तीन सेंमी. भरते आणि त्याचा रंग भोवतालच्या पाणवनस्पतींसारखा हिरवट किंवा तपकिरी असतो. पंख फुटायची वेळ आली की ही पिल्ले काठाकडे निघतात, लव्हाळ्याच्या काडीवर चढतात आणि कात टाकतात. या वाटचालीत ती उघड्यावर येतात आणि ट्राउटच्या तोंडी लागतात. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातले हेन्रीज लेक यासाठी प्रसिद्ध आहे. या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात जूनअखेरीपासून जुलैपर्यंत टाचण्यांची मोठी लाट येते आणि तिथले कटथ्रोट ट्राउट तिच्या मागावर असतात.

सरळ गळावर बांधलेल्या नेहमीच्या निम्फची शेपटी हलते, पण धड काडीसारखे ताठ राहते. सांध्याची गरज पडते ती यामुळे. सांध्याची कल्पना टाचणीपुरती नाही. डग स्विशर आणि कार्ल रिचर्ड्स या अमेरिकन जोडीने १९७१ साली मेफ्लाय या दुसऱ्या पाणकीटकाच्या पोहणाऱ्या पिल्लांसाठी अशी दोन तुकड्यांची निम्फ मांडली होती. मात्र मेफ्लायचे पिल्लू वर-खाली लहरत पोहते, तर टाचणीचे आडवे वळवळते. सांधा कोणत्या दिशेने मोकळा ठेवायचा, हे त्यावरून ठरते.

बांधणीची सुरुवात मागच्या तुकड्यापासून होते. लांब दांड्याचा, सरळ नेढ्याचा बारीक गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंजात, धरायचा आणि बाकाजवळ, म्हणजे गळाच्या वळलेल्या भागाजवळ, ऑलिव्ह रंगाच्या मॅराबूची छोटी शेपटी बांधायची. मॅराबू म्हणजे टर्कीचे मऊ, भुरभुरते पीस. पूर्वी ते मॅराबू करकोच्याचे असे आणि नाव तेच राहिले. शेपटी कात्रीने कापू नये, नखांत धरून तोडावी. कापलेल्या टोकाला जी सरळ कड येते, ती जिवंत पिल्लात कुठेच नसते. त्याच पिसाचे तंतू पिळून दांड्यावर नेढ्यापर्यंत गुंडाळायचे आणि वरून तांब्याची बारीक तार विरळ वेढ्यांनी फिरवायची, म्हणजे पोटावरचे वळे दिसतात. धड सडपातळच राहिले पाहिजे. हौसेने जाड केलेली निम्फ बांधणाऱ्याला भरीव वाटते, पण पाण्यात ती टाचणी वाटत नाही. शेवटी गळाचा बाक पक्कडीने तोडायचा. तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

माशीचा खरा जीव सांध्यात आहे. पातळ, लवचीक तार मागच्या तुकड्याच्या नेढ्यातून ओवून तिची दोन्ही टोके पुढच्या आखूड गळाच्या दांड्यावर घट्ट बांधतात. ती सुटू नयेत म्हणून दुमडून पुन्हा वेढे घेतात आणि वर गोंदाचा थेंब देतात. गळाचे नेढे आडवे असते, म्हणून तारेचा फास उभा हवा. मग मागचा तुकडा तारेभोवती दाराच्या फळीसारखा दोन्ही बाजूंना फिरतो. फास आडवा पडला की ही फिरत अडखळते. तो फार मोठा झाला, तर फेकताना मागचा भाग गळात अडकतो, आणि फार आवळला तर सांधा असून नसल्यासारखा होतो. नेढे फासात सैल खेळेल आणि मागचा तुकडा बाकाच्या वरून मोकळा वळेल, एवढीच जागा पुरते.

पुढच्या गळावर छाती आणि डोके येते. तंगूसाच्या छोट्या तुकड्याची दोन्ही टोके लायटरवर वितळवली की डंबेलसारखे डोळे तयार होतात. ते नेढ्यामागे इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वेढ्यांनी आडवे बांधतात. टाचणीचे डोके छातीहून रुंद आणि डोळे दोन टोकांना असतात. तितराच्या पिसाचे चार-सहा तंतू पायांसाठी पुरतात. वजनदार धातूचा मणी टाळलेला बरा, कारण त्याने थांबताक्षणी माशीचे डोके खाली जाते आणि आडव्या चालीच्या जागी उड्या दिसू लागतात.

मासेमारीच्या वेळी होडी लव्हाळ्यांजवळ नांगरून माशी खुल्या पाण्याकडे फेकतात आणि निम्फच्या वाटेनेच काठाकडे ओढतात. ओढ सावकाश, मध्ये विसावा देत. कोरड्या मॅराबूत हवा अडकलेली असते, म्हणून पहिल्या फेकीआधी माशी पाण्यात बोटांनी दाबून भिजवतात आणि होडीच्या कडेला हातभर ओढून शेपूट दोन्ही बाजूंना सारखे वळते आहे ना, हे पाहून घेतात.