पहाटेची गोधडी कुठे गेली?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी मे महिन्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं. संध्याकाळी फरशीवर दोन बादल्या पाणी मारायचं, वाफ निघून गेली की सतरंज्या अंथरायच्या, उशाशी सुरई. आणि आजीचा हुकूम असा की पायाशी गोधडी हवीच. दुपारी पारा 42 वर गेलेला असला तरी पहाटे तीन-साडेतीनला ती अंगावर ओढावीच लागे. ‘शब-ए-मालवा’ म्हणून जिचं कौतुक होतं, ती ही रात्र.

आता गोधडी लागत नाही. ‘यंदा फार तापलं’ असं म्हणताना सगळे दुपारचा आकडा सांगतात, पण मला विचाराल तर खरी साक्ष रात्रीची.

सूर्याचा प्रकाश हवेतून बराचसा अडथळ्याविना खाली येतो आणि जमीन तापते. ही उष्णता जमीन अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांच्या रूपात परत वर सोडत असते, दिवसाही आणि रात्रीही. रात्री मिळकत बंद आणि खर्च चालू, म्हणून गारवा. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, उन्हाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे इथे हा खर्च सढळ हाताने व्हायचा.

गेल्या मे महिन्यात एसी दुरुस्त करायला आलेल्या मुलाकडे लांबून तापमान मोजायची बंदूक होती. तसलीच एक मी विकत घेतली. रात्री दहाला गच्चीच्या फरशीवर रोखली: 38. आकाशाकडे रोखली: उणे 6! दोन दिवसांनी ढग आले, तेव्हा तेच आकाश 11 दाखवू लागलं. म्हणजे ढग आणि बाष्प जमिनीची उष्णता शोषून त्यातली काही खाली परत पाठवतात. कार्बन डायऑक्साइडही हेच करतो, फक्त 15 मायक्रॉनच्या आसपासच्या लहरींवर, आणि तेवढ्या लहरी माझ्या बंदुकीला दिसत नाहीत. गोधडी स्वतः गरम नसते, आपलीच ऊब आपल्याला परत देते. हा वायूही तसाच.

यात नवं काही नाही. 1856 मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी हा वायू भरलेली काचेची नळी उन्हात ठेवली, तर ती साध्या हवेच्या नळीपेक्षा जास्त तापली. 1859 पासून लंडनमध्ये जॉन टिंडॉल यांनी कोणता वायू किती उष्णता शोषतो हे मोजायला घेतलं. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे 280 रेणू होते. 1958 मध्ये हवाई बेटावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा 315 च्या आसपास होते, आज 420 च्या वर आहेत. भर मुख्यतः कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि गॅस जाळण्यातून पडली.

‘सूर्यच जास्त तापतोय’ असं म्हणणारे आमच्या कट्ट्यावरही आहेत. तसं असतं तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, तापला असता. तो उलट थंड होतोय. शिवाय जगभर गेल्या शतकाच्या मध्यापासून दिवसांपेक्षा रात्री जास्त वेगाने तापल्या आहेत. सगळा दोष मात्र या वायूवर टाकू नये. झाडं तोडून काँक्रीट ओतलं, ते दिवसभर प्यायलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत ओकत बसतं. ही कमाई शहराची स्वतःची.

रात्र गरम राहिली की दिवसभर शिणलेल्या शरीराला सावरायला वेळ मिळत नाही, म्हाताऱ्यांना तर नाहीच. गव्हाचंही तसंच: दाणा भरताना उकाडा असला की रोपटं दिवसभर कमावलेली साखर रात्रीच्या श्वसनात उडवतं आणि लवकर पिकून मोकळं होतं. मार्च 2022 हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, पीक घटलं आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

उपायांत मला सगळ्यात आवडतो तो ओल्या कचऱ्याचा. भाजीची देठं आणि आंब्याच्या कोयी ढिगात हवेविना कुजल्या की मिथेन निघतो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट तापवतो, पण हवेत टिकतो जेमतेम बारा वर्षं. म्हणून तो रोखला की फरक आपल्या हयातीत दिसतो. इंदूरच्याच देवगुराडियाला फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज 550 टन ओला कचरा घेऊन त्याच मिथेनचा बस चालवण्याजोगा गॅस करू शकतो. इंदूरच्या स्वच्छतेच्या पहिल्या नंबरपेक्षा मला याचं अप्रूप जास्त.

दुसरी गोष्ट नळाची. आपलं नर्मदेचं पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून चारशे मीटरहून जास्त वर चढवून आणावं लागतं, आणि त्याला वीज प्रचंड लागते. त्यासाठी 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला महानगरपालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांतून, 244 कोटी रुपये उभे केले. टाकी भरून वाहू देणाऱ्याने हा घाट एकदा पायी चढून बघावा.

एसीचं काय? तो खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीशी नेऊन ओततो, आणि गळालेला त्यातला वायू कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट भारी पडतो. आमच्याकडेही एक आहे, 26 वर लावतो.

यंदा गच्चीला चुना फासला. पृथ्वीला त्याचं फारसं काही नाही, पण रात्री दहाला फरशी 38 ऐवजी 33 दाखवते. परवा सतरंजी वर नेली. सवयीने पायाशी गोधडीही ठेवली. सकाळी तिची घडी तशीच होती.