लहान शहरांतील मोबाइल नेटवर्कची श्रेणीवाढ

मोबाइल सेवेची अधिक वेगवान पिढी महानगरांबाहेरच्या लहान शहरांपर्यंत नेण्याची प्रक्रिया. टॉवरवर नवा रेडिओ आणि अँटेना चढवणे हा तिचा डोळ्यांना दिसणारा भाग. टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारी वाहिनी, वीजपुरवठा, कंप्रतापट्ट्यांची (म्हणजे रेडिओलहरींच्या ठरावीक फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांची) फेरवाटणी आणि लोकांच्या हातातले फोन हा न दिसणारा भाग. वेग मिळतो की नाही, हे बहुधा या दुसऱ्या भागावर ठरते.

प्रत्येक पिढी मोठ्या शहरांतून सुरू झाली आहे. ४जीची व्यावसायिक सेवा डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो या दोन राजधान्यांत सुरू झाली. ५जीच्या पहिल्या आवृत्तीचे मानक ‘३जीपीपी’ या, मोबाइल सेवेची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण केले आणि एप्रिल २०१९ मध्ये दक्षिण कोरिया व अमेरिकेत स्मार्टफोनसाठी सेवा सुरू झाली. लहान शहरे मागे राहण्याचे कारण साधे आहे. टॉवर उभारायला आणि चालवायला दोन्हीकडे जवळजवळ सारखाच खर्च येतो, पण लहान शहरात तो फेडणारे ग्राहक कमी असतात.

कोणता कंप्रतापट्टा वापरायचा, हा पहिला तांत्रिक पेच. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी लांब जातात आणि भिंतींमधूनही बऱ्यापैकी आत शिरतात. त्यामुळे थोड्या टॉवरांत मोठा परिसर झाकता येतो. ३५०० मेगाहर्ट्झचे गणित वेगळे आहे. मोकळ्या जागेत, एकाच प्रकारच्या अँटेना धरल्या, तर कंप्रता पाचपट झाल्यावर पोहोचणारी शक्ती पंचविसाव्या हिश्श्यावर येते. मग हा पट्टा घ्यायचाच कशाला? कारण तिथे जागा आहे. खालच्या पट्ट्यात एखाद्या कंपनीला अनेकदा १० मेगाहर्ट्झ रुंदीवर भागवावे लागते, तर ३५०० मेगाहर्ट्झसारख्या मधल्या पट्ट्यात एकच वाहक, म्हणजे माहिती वाहणारा सलग तुकडा, १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकतो. कमी पडणारी पोहोच ६४ प्रेषक-ग्राही (लहरी पाठवणारे आणि पकडणारे घटक) असलेल्या अँटेना ऊर्जेचा झोत थेट फोनच्या दिशेने वळवून बरीचशी भरून काढतात. पण या अँटेना जड असतात, महाग असतात आणि वीजही जास्त खातात. म्हणून लहान शहरांत पुष्कळदा खालच्या पट्ट्यावरच काम भागवले जाते. फोनवर ५जीचे चिन्ह येते आणि वेग मात्र चांगल्या ४जीच्या जवळपासच राहतो. ग्राहकाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. पट्टा कोणता आहे, हे त्या चिन्हावरून कळतच नाही.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी अडचण म्हणजे बॅकहॉल, म्हणजेच टॉवरपासून मुख्य जाळ्यापर्यंतची वाहिनी. महानगरात ती बहुधा ऑप्टिकल फायबरची असते. लहान शहरात पुष्कळ टॉवर अजून मायक्रोवेव्ह दुव्यावर चालतात: एका टॉवरवरची तबकडी दुसऱ्या टॉवरवरच्या तबकडीकडे रोखलेली, तिथून तिसऱ्याकडे. असे तीन-चार टप्पे झाले की मागच्या सगळ्या टॉवरांची माहिती शेवटच्या एकाच दुव्यातून जाते. जुना दुवा काहीशे मेगाबिटांचा असेल, तर वर कितीही नवा रेडिओ बसवा, सायंकाळी सगळे घरी आले की व्हिडिओ अडकणारच. ७० आणि ८० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतले नवे दुवे सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत माहिती वाहतात, पण काही किलोमीटरच. मुसळधार पावसात त्यांचा जोर आणखी ओसरतो. फायबरला ही मर्यादा नाही. मात्र त्यासाठी रस्ता खणायची परवानगी लागते आणि नंतरच्या प्रत्येक खोदकामात ते तुटण्याची भीती असते. टॉवरवरचे काम एका रात्रीत, वापर सर्वांत कमी असलेल्या वेळेत उरकता येते. फायबरला महिने लागतात. जाहिरात आणि अनुभव यांतल्या अंतराचे मूळ बरेचसे इथे आहे.

शहराच्या कडेला आणखी एक मर्यादा जाणवते. टॉवरचा रेडिओ दहा-वीस वॅटने किंवा त्याहूनही जास्त शक्तीने बोलू शकतो, फोन मात्र साधारण ०.२ वॅटने. त्यामुळे फोनला टॉवर ऐकू येतो, पण टॉवरला फोन ऐकू येत नाही. रेंजच्या दोन दांड्या दिसत असताना फोटो वर चढत नाही, तो यामुळे. शिवाय सुरुवातीच्या ५जीची रचना ४जीच्या आधारावर चालते: जोडणीचे नियंत्रण ४जीकडे असते. तो पायाच कच्चा असेल, तर वरचे ५जीही डळमळते.

नव्या पिढीला जागा करून देण्यासाठी जुनी बंद करावी लागते. जर्मनीत तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२१ मध्ये ३जी बंद करून तो पट्टा पुढच्या पिढ्यांकडे वळवला. हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्यच. पण ज्यांचा फोन ४जीवरून आवाजी कॉल करू शकत नाही, त्यांना एक तर २जीवर परतावे लागते किंवा २जीही गेले असल्यास सेवेलाच मुकावे लागते. फोन बदलायला मदत न करता जुने जाळे बंद करणे म्हणजे वृद्धांची आणि गरिबांची सेवा काढून घेणे होय.

बाजारावर सोडून हे काम होत नाही, हे काही देशांनी ओळखले. जर्मनीने २०१० च्या लिलावात ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा देताना क्रमच उलटा लावला: आधी ५,००० पर्यंत वस्तीची गावे, मग टप्प्याटप्प्याने मोठी, आणि ५०,००० वरची शहरे शेवटी. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये चार कंपन्या आणि सरकार यांनी ४जी देशाच्या ९५ टक्के भूभागावर नेण्यासाठी करार केला. दक्षिण कोरियातल्या तिन्ही कंपन्यांनी २०२१ मध्ये १३१ ग्रामीण ठिकाणी ५जी जाळे वाटून वापरायचे ठरवले. तीन टॉवरांऐवजी एक, हा लहान वस्तीसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

काम झाल्यावर ‘ड्राइव्ह टेस्ट’ घेतात. गाडीत मोजणीचे फोन ठेवून गल्लीगल्लीतून संथ फेरी मारली जाते आणि नकाशावर हिरवे-लाल ठिपके उमटत जातात. लाल ठिपक्यांचा पुंजका दिसला, की कधी अँटेनाचा कल दोन अंश बदलूनही तो भाग हिरवा होतो. ही फेरी दुपारी, रस्ते आणि जाळे दोन्ही मोकळे असताना मारली, तर नकाशा हिरवाच दिसतो. खरी मोजणी रात्री आठ-नऊच्या सुमारास, शहराच्या शेवटच्या घरांपाशी आणि घराच्या आत करायला हवी.