नवा बेसिक आयपॅड महाग पडतो, तरी घ्यावा का? पैसे देण्याआधी एवढं वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लातूर, दिवाळी २०२५

दिवाळीच्या टायमाला दुकानात सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, की लेकरू अकरावी-बारावीला लातुरात ठेवलंय, क्लासमधले सगळे टॅब वापरतात, मग आयपॅडच घ्यावा का, अन् घ्यायचाच तर नवा चौतीस हजार नऊशेचा घ्यावा का जुना कुणाकडून स्वस्तात मिळतोय तो. काउंटरवर गर्दी असली की ह्याचं उत्तर नीट देता येत नाही म्हणून हे छापून ठेवलंय, घरी न्या, घरच्यांना दाखवा, मग या.

यंदा हा प्रश्न जरा जडच आहे. सप्टेंबरच्या पावसानं कित्येकांचं सोयाबीन पाण्यात गेलं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल धरला तरी ह्या एका टॅबला साडेसहा क्विंटल सोयाबीन जातं, अन् मोंढ्यात हमीभाव मिळेलच असं नाही हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. टॅब विकणं हा आमचा धंदा आहे, पण लेकराला जे लागत नाही ते गळ्यात मारायचं अन् वर्षभरानं तेच कपाटात पडलेलं बघायचं, हे आम्हाला नको आहे.

किमतीचं आधी सांगतो कारण त्यातच लोकांचा गोंधळ होतो. २०२१ ला आलेला नववा आयपॅड, म्हणजे खाली गोल बटण असलेला, भारतात ३०,९०० ला सुरू झाला होता. मग ऑक्टोबर २०२२ ला दहावा आला, नवीन डिझाइन, टाइप-सी, पण किंमत एकदम ४४,९०० अन् मेमरी तीच ६४ जीबी. तेव्हा आमचं मत साफ होतं की एवढ्या पैशाला हा टॅब परवडत नाही. मे २०२४ मध्ये कंपनीनंच दहाव्याचा भाव ३४,९०० वर आणला अन् नववा बंद केला. आणि मार्च २०२५ ला आला सध्याचा, ए१६ चिपवाला, त्याच ३४,९०० मध्ये, पण सुरुवातच १२८ जीबीपासून. म्हणजे नवव्याशी तुलना केली तर आजही चार हजार जास्तच आहेत, पण तीन वर्षांपूर्वी जे चौदा हजार जास्तीचे मागत होते तसं आता राहिलं नाही. आयपॅडच घ्यायचं पक्कं असेल तर नवाच घ्या, जुन्या मॉडेलचा उरलेला नवा पीस दोन-तीन हजार कमी करून कुणी देत असेल तरी नको, असं आम्ही आज सरळ सांगतो.

का, तर मेमरी. आयपॅडमध्ये मेमरी कार्ड बसत नाही, जेवढी आहे तेवढीच शेवटपर्यंत. ६४ मधली बरीच जागा सिस्टिमच खाते, उरलेल्यात क्लासचे डाउनलोड केलेले लेक्चर टाका, एक तासाचा व्हिडिओ बऱ्या क्वालिटीत अर्धा जीबीच्या पुढंच जातो, त्यात दोन वर्षांच्या नोट्स, टेस्ट सिरीजच्या पीडीएफ, अन् घरचे फोटो. अकरावीची दिवाळी संपेपर्यंत "स्टोरेज फुल" येतं अन् मग लेकरू काय डिलीट करावं ह्यातच तास घालवतं. दुसरं म्हणजे रॅम, एका वेळी किती ॲप उघडे राहू शकतात ते जिच्यावर ठरतं ती. नवव्यात ३ जीबी, दहाव्यात ४, नव्यात ६. कंपनी हा आकडा डब्यावर लिहीत नाही पण फरक वापरताना कळतो. डाव्या बाजूला लेक्चर लावा, उजवीकडं मोठी पीडीएफ उघडून त्यावर लिहा, मध्येच व्हॉट्सॲपवर सरांनी टाकलेला प्रश्न बघून परत या. नवव्यावर बऱ्याच वेळा पीडीएफ पुन्हा पहिल्यापासून लोड होते, व्हिडिओ जिथं होता तिथून सरकलेला असतो. नव्यावर हे फार क्वचित होतं. एकदा झालं तर काही नाही, पण रोज चार तास असं वापरायचं असेल तर चीड येते.

आणि तिसरं, अपडेट. यंदाचं आयपॅडओएस २६ नवव्यालासुद्धा मिळालंय, त्यामुळं ज्यांच्याकडं आधीच नववा आहे त्यांनी अजिबात घाई करू नका, चालतंय तोवर चालवा. पण आज पैसे घालून घ्यायचा अन् पुढं एमबीबीएस किंवा इंजिनिअरिंगला पण तोच न्यायचा असेल तर नवी चिप वर्ष-दोन वर्ष तरी जास्त टिकेल असं धरायला हरकत नाही. एक मात्र माहीत असू द्या, ॲपलचे ते एआयवाले फीचर, ॲपल इंटेलिजन्स म्हणतात ते, ह्या बेसिक आयपॅडवर चालत नाहीत. अभ्यासाला त्याची गरज नाही असं आमचं मत, पण कुणी त्याच्या नावावर हा विकत असेल तर फसू नका.

आता खरा खर्च किती ते बघा. ३४,९०० हा फक्त टॅबचा आकडा आहे. लिहायचं म्हटलं की पेन्सिल, टाइप-सीवाली ॲपल पेन्सिल ७,९०० ची. झाले ४२,८००. वर कव्हर अन् काच, बरं घेतलं तर दीड-दोन हजार. म्हणजे घरातून पस्तीस म्हणून निघालेलं बजेट पंचेचाळीसला जाऊन टेकतं. पेन्सिल कंपनीचीच पाहिजे असं काही नाही, दुसऱ्या कंपन्यांच्या तळहात टेकला तरी रेघ न उमटणाऱ्या स्टायलस त्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात अन् नोट्स लिहायला पुरतात. तसंही टाइप-सीवाल्या ॲपल पेन्सिलमध्ये दाब दिल्यावर रेघ जाड-बारीक होण्याची सोय नाहीच, त्यामुळं चित्रकलेसाठी घेणाऱ्यांनी आधी आमच्याशी बोला. कीबोर्ड तर नकोच, तेवढ्या पैशात दुसरा टॅब येतो.

मग घ्यावा कुणी? आमचं म्हणणं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं, लेकरू टॅबवर हातानं लिहिणार आहे का. ऑरगॅनिकच्या रिॲक्शन, फिजिक्सच्या आकृत्या, पीडीएफवरच खुणा, जुन्या टेस्टच्या चुका एका जागी, हे जो रोज करणार त्याला ह्या टॅबचे पैसे वसूल होतात, कारण लिहिण्याचा अनुभव अन् त्यासाठीचे ॲप आयपॅडवर चांगलेच आहेत. पण नुसते लेक्चर बघायचे, पीडीएफ वाचायच्या, डाउट विचारायचे एवढंच असेल तर पंधरा-वीस हजारातला अँड्रॉइड टॅब पुरेसा आहे, अगदी खरं सांगतोय. सॅमसंगचा टॅब ए९ प्लस घ्या, ११ इंची स्क्रीन आहे, मेमरी कार्ड बसतं, हेडफोनचा जॅक पण आहे, जो नव्या आयपॅडला नाही. त्याला एस पेन, म्हणजे सॅमसंगचा लिहायचा पेन, चालत नाही एवढं लक्षात ठेवा. लिहायचं पण आहे अन् बजेट पण कमी आहे त्यांनी टॅब एस६ लाइट बघावा, पेन डब्यातच येतो, वेगळे पैसे नाहीत. स्पीडला तो आयपॅडच्या मागं आहे, पण नोट्सला चालतो. उरलेले पंधरा हजार मेसला, रूमच्या भाड्याला येतील.

अजून एक गोष्ट, मेडिकलची नीट परीक्षा आतापर्यंत ओएमआर शीटवर पेननंच झालीय, त्यामुळं टेस्ट कागदावरच सोडवायची सवय मोडू देऊ नका, टॅब रिव्हिजनला. जेईई मेन कॉम्प्युटरवर असते, तिथं स्क्रीनवर प्रश्न वाचायची सवय उपयोगी पडते.

विकत घ्यायच्या आधी महाज्योतीचं, म्हणजे राज्य सरकारच्या संस्थेचं, पण बघून घ्या. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी प्रवर्गातल्या, नॉन क्रीमी लेयर असलेल्या, सायन्सला प्रवेश घेतलेल्या मुलांना नीट, जेईई, सीईटीच्या तयारीसाठी महाज्योती मोफत टॅब देते. दहावीनंतर ऑनलाइन अर्ज करावा लागतो, शेवटच्या तारखेकडं लक्ष ठेवा. आमच्याकडं टॅब घेऊन गेल्यावर मग अर्जाचं कळलं असं नको व्हायला.

काच फुटली तर

हे आम्ही रोज करतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. बेसिक आयपॅडची, नववा, दहावा, नवा तिन्हीची, वरची टच काच अन् आतला डिस्प्ले वेगवेगळे असतात, मध्ये बारीक पोकळी असते. महागड्या आयपॅड एअर, प्रोमध्ये दोन्ही चिकटवलेले असतात. ह्याचा तोटा असा की लिहिताना पेन्सिलचं टोक अन् उमटलेली रेघ ह्यात केसाएवढं अंतर दिसतं, बोटानं काचेवर टकटक केली तर पोकळ आवाज पण येतो, काही जणांना आठवडाभर खटकतं मग विसरून जातात. फायदा मात्र मोठा आहे. हॉस्टेलच्या कॉटवरून टॅब पडला अन् वरची काचच तडकली, आतलं चित्र नीट दिसतंय, तर नुसती काच बदलता येते, पूर्ण डिस्प्लेचा खर्च येत नाही. काच गरम करून डिंक सोडवायचा, बारीक पट्टीनं कडेकडेनं उचलायची, आतल्या डिस्प्लेवर धूळ बसू न देता नवी बसवायची, असं ते काम. नवव्यात अजून एक नाजूक भाग आहे, खालचं गोल बटण. फिंगरप्रिंट त्याच बटणाशी अन् त्याच बोर्डाशी जोडलेलं असतं, काच बदलताना जुनं बटण तुटलं किंवा कुणी दुसरं बसवलं तर बटण दाबलं जाईल पण बोट ओळखणार नाही, परत कधीच. म्हणून नववा कुठंही दुरुस्तीला दिला तरी देताना फिंगरप्रिंट चालतंय हे समोर दाखवून द्या अन् घेताना पण बघून घ्या. दहाव्यात अन् नव्यात ते बटण वरच्या कडेला गेलंय, त्यामुळं काच बदलताना हा धोका राहत नाही.

वॉरंटी एक वर्षाची, पण पडणं, भिजणं त्यात येत नाही. म्हणून कव्हर कोपऱ्याला जाड असलेलं घ्या, दिसायला भारी असलेलं नको.

उन्हाळ्याचं पण सांगून ठेवतो. आयपॅड ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरायसाठी बनवलाय असं कंपनीच सांगते. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या पुढं जातं अन् पत्र्याच्या रूममध्ये विचारायचंच नाही. अशा टायमाला स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं, जास्तच झालं तर तापमानाचा मेसेज येऊन टॅब बंद होतो. तो खराब झालेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. पंख्याखाली ठेवा, कव्हर काढा, फ्रिजमध्ये ठेवू नका. चार्जिंगला लावून, गादीवर ठेवून लेक्चर बघायची सवय मात्र बॅटरी लवकर संपवते, हे अँड्रॉइडला पण लागू आहे. लाइट जाते म्हणून दिवसभर चार्जिंगलाच ठेवायची गरज नाही, बॅटरी व्हिडिओवर साधारण दहा तास जाते असं कंपनी सांगते, रात्री एकदा लावली तर क्लासचा दिवस निघतो. टाइप-सी असल्यामुळं फोनचं अन् टॅबचं चार्जर एकच चालतं, हॉस्टेलमध्ये ही सोय लई कामाची आहे.

जुना, सेकंडहँड घेणार असाल तर घाई करू नका. टॅब विकणाऱ्याच्या समोर पूर्ण रिसेट करायला लावा अन् वायफाय जोडून पहिल्यापासून चालू करून बघा. मागच्या मालकाचा आयडी-पासवर्ड मागितला तर तो लॉक आहे, घेऊ नका, आम्ही सुद्धा तो उघडून देऊ शकत नाही. "रिमोट मॅनेजमेंट" असा स्क्रीन आला तर तो एखाद्या कंपनीचा किंवा शाळेचा टॅब आहे, बाहेरून स्वस्तात आलेल्या मालात असे निघतात, चालू स्थितीत सगळं छान दिसतं पण रिसेट केलं की अडकतो. बिल नसेल तर भाव कितीही कमी असू दे, सोडून द्या.

हप्त्यावर घेताना "झिरो कॉस्ट" शब्दावर जाऊ नका. व्याज कुठंतरी आधीच धरलेलं असतं, प्रोसेसिंग फी वेगळी, अन् कार्डवरच्या हप्त्यात व्याजावर जीएसटी लागतो तो तुमच्याच बिलात येतो. एकूण किती रुपये जाणार हे कागदावर लिहून मागा, आम्ही लिहून देतो. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला मग टॅब स्वस्त का नाही असं बरेच जण विचारतात, मोठ्या टीव्हीचा २८ वरून १८ वर आला, टॅबचा आधीपासून १८ च होता अन् तेवढाच आहे. लेकराला पदवीच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असेल तर ॲपलच्या स्वतःच्या ऑनलाइन स्टोअरवर विद्यार्थी सवलत मिळते, पालकांना पण लेकरासाठी घेता येतो, तो भाव आमच्यापेक्षा कमी पडत असेल तर तिथूनच घ्या. काच-कव्हर आम्ही बसवून देऊ.

दुकानात नवा आयपॅड, टॅब ए९ प्लस अन् एस६ लाइट तिन्हीचे डेमो पीस आहेत. लेकराला सोबत आणा, क्लासची एखादी जड पीडीएफ मोबाइलवर घेऊन या, आम्ही टॅबवर टाकून देतो, अन् त्याला अर्धा तास बसून लिहू द्या. रविवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी आलात तर निवांत बसायला जागा मिळेल.