मुलावर पोलीस केस झाली तर कोर्टाशी बोलायचं कसं?

(हा कागद फक्त आमच्या पक्षकारांसाठी, वकिलाला जाहिरात करता येत नाही, तेव्हा ग्रूपवर फॉरवर्ड करू नका.)

पालक ऑफिसात आले की पहिलाच प्रश्न, "जज्जसाहेबांना एकदा भेटून सांगता येईल का?" नाही येत. चेंबरमध्ये जाणं, घरी पत्र टाकणं, आमदाराच्या माणसाकडून फोन लावणं, यातलं काही म्हणजे काही करू नका. दुसऱ्या बाजूला न कळवता जज्जाच्या कानावर गोष्ट घालायला गेलात तर त्रास मुलालाच होतो. सांगायचं ते अर्जातून, नाहीतर तारखेला सगळ्यांसमोर.

आता मूल १८ च्या आतलं असेल तर गोष्ट वेगळी. केस आधी ज्युवेनाईल जस्टिस बोर्डाकडे जाते, तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सोशल वर्कर बसतात, त्यातली एक तरी बाई असते, आणि आईबापांना बोलायला मिळतं. वय धरतात ते घटनेच्या दिवशीचं. म्हणून रडत बसण्याआधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट शोधा, ते नसेल तर पंचायत किंवा पालिकेचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची टेस्ट.

पोलिसांनी २४ तासांत मुलाला बोर्डापुढे उभं करायचं असतं (प्रवासाचा वेळ सोडून), लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि आईबापांना कळवायचं. जामीन हा इथे नियम आहे, नाकारतात तो मूल वाईट संगतीत परत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचं कामच फसेल असं वाटलं तर. म्हणजे बोर्डाला तुमच्याकडून काय ऐकायचंय ते बघा: घरी कोण असतं, संध्याकाळी त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, शाळा चालू राहणार का. "माझा झिल तसला नाही हो" याचा तिथे काही उपयोग नाही. "मी हॉटेलात रात्रपाळी करतो, पण त्याची आजी घरात असते आणि मामा पर्वरीला राहतो, तो ट्यूशनला सोडतो," याचा होतो. नाही तर मुलाला गोव्यात मेरशीच्या अपना घरसारख्या ठिकाणी (मुलांना ठेवायचं सरकारी गृह) राहावं लागू शकतं.

मग येतो प्रोबेशन ऑफिसर, आणि पालक इथेच चुकतात. त्याला पोलीस समजून दार अर्धवट उघडतात. तो घर, शाळा, शेजार बघून रिपोर्ट करतो, बोर्डाला साधारण १५ दिवसांत हवा असतो, आणि पुढचा निर्णय घेताना तो वाचला जातो. चहा द्या नका देऊ, पण खरं बोला. बाप पितो तर पितो म्हणा, शेजारणीकडून कळण्यापेक्षा बरं. त्या दिवशी नक्की काय झालं यावर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय बोलू नका, मुलालाही तेच सांगा.

बोर्डापुढे कोकणी-मराठीत बोला, कागद इंग्रजीत असला तर वाचून घेऊनच सही करा. वकील परवडत नसेल तर मुलाला तो फुकट मिळतो, आमच्याकडेच या असं नाही, १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन लावा. मुलाचं नाव, फोटो, शाळा कुणी पेपरात किंवा फेसबुकवर टाकली तर तो गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, कधी दोन्ही, तेव्हा तुमच्याच मावशीला आधी गप्प करा.

१६ पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल तर बोर्ड त्याची प्राथमिक तपासणी करतं आणि केस चिल्ड्रन्स कोर्टात जाऊ शकते, त्याबद्दल समोरासमोरच बोलू. आणि १८ च्या वरचा असेल तर तो कायद्याने मोठा, वकील त्याचं ऐकणार, तुम्ही जामीनदार राहू शकता.

तारखेला येता येत नसेल, मूल आजारी असेल, तर आदल्या दिवशी आम्हाला कळवा आणि डॉक्टरचा कागद पाठवा. सकाळी ११ ला "सर आज जमत नाही" असा व्हॉट्सॲप टाकला तर आम्ही अर्ज द्यायचा तरी कधी?