हेपटायटिस बी विषाणू : प्रथिननिर्मिती

यकृत पेशीतील रायबोसोम (प्रथिने घडवणारे सूक्ष्म कण) हेपटायटिस बी विषाणूच्या आरएनएवरून त्याची प्रथिने घडवतात, ती प्रक्रिया. विषाणूचा वर्तुळाकार डीएनए जेमतेम 3,200 क्षारकांचा असतो. पेशीकेंद्रकात त्याचे बंद वर्तुळ होते आणि पेशीचेच आरएनए पॉलिमरेज-2 हे विकर त्यावरून सु. 3.5, 2.4, 2.1 व 0.7 किलोबेस (हजार क्षारक) लांबीचे आरएनए तयार करते. त्यांचे आरंभ वेगवेगळे, शेवट मात्र एकाच ठिकाणी. सर्वांत आखूड आरएनएवरून एक्स प्रथिन, 2.4 वरून मोठे आणि 2.1 वरून मध्यम व लहान पृष्ठप्रथिन मिळते. लहान पृष्ठप्रथिन (226 ॲमिनो आम्ले) रिकाम्या कणांच्या रूपाने रक्तात उतरते. हे कण पूर्ण विषाणूंच्या हजार ते लाख पट असू शकतात. खानापूर-निपाणीकडे गरोदर बाईच्या हेपटायटिस बीच्या तपासणीत कार्डावर दुसरी रेघ उमटते, ती या प्रथिनामुळे.

वाद आहे तो विषाणूच्या स्वतःच्या पॉलिमरेजबद्दल, म्हणजे आरएनएपासून डीएनए बनवणाऱ्या विकराबद्दल. 3.5 किलोबेसच्या प्राग्जीनोमी आरएनएवर (ज्यापासून विषाणूचा डीएनए बनतो) गाभा-प्रथिनाची, म्हणजे कवचाच्या प्रथिनाची, संहिता आधी येते. पॉलिमरेजचा आरंभ कोडॉन (वाचन जेथून सुरू होते ते तीन क्षारक) तिथून 400हून अधिक क्षारक पुढे, गाभ्याची संहिता संपण्यापूर्वीच, पण वेगळ्या वाचन-चौकटीत (तीन-तीन क्षारकांच्या वेगळ्या गटवारीत) आहे. 1982 मध्ये समर्स व मेसन या संशोधकांनी या कुळातील विषाणू आरएनएपासून डीएनए बनवतात हे दाखवल्यावर, रेट्रोव्हायरसप्रमाणे (एचआयव्हीच्या गटातील विषाणू) येथेही रायबोसोम चौकट बदलून गाभा व पॉलिमरेज यांचे जोडप्रथिन बनवत असावा, असे मानले गेले. 1989च्या सुमारास झालेल्या प्रयोगांनी ते टिकले नाही. पॉलिमरेज स्वतःच्या आरंभ कोडॉनपासूनच सुरू होते. मग रायबोसोम तिथवर पोहोचतो कसा? एका मतानुसार काही रायबोसोम पहिला कोडॉन ओलांडून पुढे सरकतात. मात्र वाटेत आणखीही आरंभ कोडॉन आहेत. म्हणून दुसरे मत असे, की वाटेतील एक आखूड संहिता वाचून संपवलेला रायबोसोम पॉलिमरेजपाशी पुन्हा काम सुरू करतो. मधला भाग उडी मारून टाळण्याची कल्पना मुख्यतः बदकांच्या विषाणूवरील कामातून आली. माणसाच्या विषाणूला ती लावताना जपूनच राहावे. पहिली दोन्ही मते एकत्र धरणे सध्या अधिक ग्राह्य वाटते. एका कवचाला गाभा-प्रथिनाचे बहुधा 240 रेणू लागतात, पॉलिमरेजचा मात्र एकच. त्यामुळे ही कमी निर्मिती विषाणूला पुरते. शिवाय पॉलिमरेज बहुधा ज्या आरएनएवरून तयार झाले त्याच्याच एप्सिलॉन नावाच्या, स्वतःवर दुमडलेल्या वळशाला चिकटते आणि तो आरएनए कवचात जातो.

3.5 किलोबेसचा दुसरा आरएनए सु. 30 क्षारकांनी लांब असतो. त्यावरून पूर्वगाभा प्रथिन बनते आणि काटछाट होऊन ई-प्रतिजन म्हणून रक्तात जाते. रायबोसोम एप्सिलॉनमधूनच जात असल्याने हा आरएनए कवचात जात नाही. विषाणूच्या 1896व्या जागी जी क्षारकाऐवजी ए क्षारक आला, की पूर्वगाभ्याची संहिता मध्येच थांबते व ई-प्रतिजन बनत नाही. विषाणू मात्र वाढत राहतो. भारतात ए व डी जनुकप्रकार प्रामुख्याने आढळतात. डी प्रकारात एप्सिलॉन वळशातील समोरचा क्षारक (1858) यू असल्याने हा बदल जोडी पक्की करतो. ए प्रकारात तो बहुधा सी असतो, म्हणून तेथे हा बदल विरळा. त्यामुळे बेळगावात तपासणीला आलेल्या सीमाभागातील रुग्णाच्या अहवालात ई-प्रतिजन ‘निगेटिव्ह’ दिसले तरी विषाणूच्या डीएनएची मोजणी, म्हणजे ‘व्हायरल लोड’, व यकृताची तपासणी टाळता येत नाही.